हिरव्या बांगडीतून वीज

काच विजेची दुर्वाहक आहे, असं शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असायचं. लाकूड, रबर, चिनी माती, काच, आणि पुढे पूर्णविराम. मुली ती ओळ पाठ करायच्या, परीक्षेत लिहायच्या, मोकळ्या व्हायच्या. मला त्या पूर्णविरामाचा राग यायचा. अजून येतो. थंड काच वीज नेत नाही हे खरं. पण तीच काच लाल होईपर्यंत तापवली की ती वीज न्यायला लागते. वीज गेल्याने ती आणखी तापते आणि तापल्याने आणखी वीज नेते, मग खालची ज्योत काढून घेतली तरी तिचं काही अडत नाही. शेवटी वितळून थेंब गळून पडतो तेव्हाच थांबते. पुस्तक लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. पोरींना एवढं कशाला सांगायचं, असा विचार केला असणार. आणि ‘दुर्वाहक’ हा काय शब्द आहे? दुर्जन, दुर्गुण, दुर्वाहक. मला तर ती शिवीच वाटायची.

हा प्रयोग मी पहिल्यांदा पाहिला तो बी.एस्सी.ला असताना. लाल झालेल्या काचेच्या नळीच्या पलीकडचा दिवा हळूहळू उजळला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळात गेल्यावर काय वाटतं ते लोक सांगतात, ते मला त्या कोंदट प्रयोगशाळेत वाटलं. हसायचं असेल त्याने हसावं. आपण हे कुणाला तरी दाखवायचं, एवढं मात्र मी त्याच दिवशी ठरवलं.

माझं माहेर पेणचं. वडील आमच्या भावकीतले पहिले मास्तर, त्यामुळे घरात शुद्ध बोलायचं असा त्यांचा दंडक होता. सासर रोह्याचं, म्हणजे राहायला रोह्यात. मूळचं कासूजवळच्या खाडीकाठच्या गावातलं, शेती आणि मिठागर करणारं. नवरा घरातला पहिला पदवीधर, तिथल्या एका रासायनिक कंपनीत केमिस्ट. कंपनीची नोकरी म्हणून त्याने आईला घेऊन रोह्यात दोन खोल्या केल्या होत्या. लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणते आहे. तोंडावर आजही ‘अहो’च म्हणते. कागदावर तरी एवढी मोकळीक घेऊ दे.

सासूबाई वीतभर अंगाच्या, पण आवाज असा की शेजारच्या आळीतली कोंबडी दचकावी. त्यांच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. गाडीची गारी होते आणि बांगडीची बांगरी. माझ्या माहेरीही आजी तसंच बोलायची, वडिलांनी ते पुसून काढलं होतं. सासूबाईंशी मी सरळ बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत होती. म्हणजे मीठ द्या, पाणी तापलं, एवढं चालायचं. पण काही विचारायचं, मागायचं, ठरवायचं असलं की मी नवऱ्याला सांगायचं, त्याने आत जाऊन आईला विचारायचं आणि उत्तर बाहेर आणून मला द्यायचं. आईचंही तसंच. एका घरात, एका चुलीपाशी बसणाऱ्या दोन बायकांचे निरोप तो पोचवायचा. मला ते विचित्र वाटायचं, पण नवी नवरी किती गोष्टींवर बोट ठेवणार?

लग्नानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये मला पेणच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा मिळाली. जागा वर्षापुरती होती. हेडमास्तर म्हणाले, “तपासणी नीट पार पडली, शिक्षण खात्याच्या साहेबांचा शेरा चांगला आला, तर पुढच्या जूनपासून कायम करून घेऊ.” नवऱ्याने आईला विचारलं आणि बाहेर येऊन म्हणाला, “आई म्हणते, कर वर्षभर.” मला ती जागा कायमची हवी होती. दागिने नको, साड्या नको, ती जागा हवी होती. आयुष्यात इतकं मनापासून मी दुसरं काही मागितलेलं नाही.

तेव्हा रोह्यापर्यंत गाडी येऊ लागून फार दिवस झाले नव्हते. सकाळच्या गाडीने रोह्याहून निघायचं, नागोठणे, कासू, मग पेण. कासूला आमच्या शाळेच्या चार-पाच मुली चढायच्या आणि मला बघून दुसऱ्या टोकाला जाऊन बसायच्या. वर्गातल्या निम्म्या मुली मिठागरांवरच्या. हिवाळा सरला की घरच्यांबरोबर आगरात राबायला लागायचं, म्हणून शाळा बुडायची. हाताला खारं पाणी लागून लागून त्यांची बोटं पांढरी पडलेली असायची आणि त्या बोटांनी त्या ‘काच दुर्वाहक आहे’ असं वळणदार अक्षरात लिहायच्या. मी मनात म्हणायचे, थांबा जरा.

तपासणी हिवाळ्यात ठरली. मी हेडमास्तरांना सांगितलं की साहेबांपुढे काचेचा प्रयोग करणार. ते बिचारे घाबरले. “बाई, साधं काहीतरी करा की. लिटमस लाल करा, निळा करा. साहेब खूश होतात.” मी ऐकलं नाही. माझा स्वभाव तापट आहे असं माहेरी म्हणायचे, सासरी तर म्हणायचेच. एका सोनाराकडून त्याची जुनी फुंकणी मागून आणली, ती तोंडात धरून स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर फुंकलं की ज्योतीचं टोक सुईसारखं बारीक आणि प्रखर होतं. प्रयोगशाळेत एक जुनी, मळकट काचेची कांडी होती. तिला दोन्हीकडून तांब्याची तार गुंडाळली, मध्ये बोटभर जागा ठेवली, पुढे विजेचा एक शंभराचा दिवा जोडला. शाळा सुटल्यावर करून पाहिलं. गाल दुखेपर्यंत फुंकलं, कांडी लाल झाली, दिवा लागला. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा लागला.

तपासणीच्या दिवशी शाळेला चुना फासला होता, दारात रांगोळी होती, साहेबांसाठी शहाळं आणलं होतं. ‘तपासणी’ या शब्दाने आपल्याकडे माणसांचं काय होतं ते सांगायला नको. आमच्या शिपाईमामांनी त्याच उत्साहात एक गोष्ट केली. माझी ती मळकट कांडी साहेबांपुढे बरी दिसणार नाही म्हणून काढून टाकली आणि कपाटातल्या नव्या खोक्यातली चकचकीत कांडी तारांमध्ये बसवून ठेवली. मला सांगितलं नाही. आणि मी डोळे असून पाहिलं नाही.

साहेब शेवटच्या बाकाशेजारी खुर्चीत बसले. हेडमास्तर भिंतीला टेकून उभे. मी बटण दाबलं, फुंकणी तोंडात धरली आणि फुंकायला लागले. फुंकते, फुंकते, दिवा आपला काळाच. कांडी जेमतेम लालसर झाली आणि तिथेच थांबली. माझे गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी, पदर घसरतो आहे, आणि वर्गात खुसखुस सुरू झाली. साहेब सावकाश म्हणाले, “बाई, काच ती काचच. तिच्यातून वीज गेली असती तर खांबांवर त्या चिनी मातीच्या वाट्या कशाला बसवल्या असत्या? सरकार काय उगीच पुस्तकं छापतं?” हेडमास्तर मोठ्याने हसले. साहेब विनोद करतात तेव्हा हेडमास्तरांना हसावं लागतं, पण ते जरा जास्तच हसले.

तेवढ्यात माझी नजर कांडीवर गेली आणि लख्ख कळलं. ही भट्टीच्या कामाची कठीण काच. सोनाराच्या फुंकणीला ती भीक घालणार नव्हती. माझी जुनी कांडी साध्या, मऊ काचेची होती. आता ती केराच्या कुठल्या ढिगात गेली कोण जाणे. साध्या काचेचा दुसरा तुकडा शोधायला वेळ नव्हता. साहेब मनगटावरचं घड्याळ बघत होते. माझी जागा त्या घड्याळात चालली होती.

माझ्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या, लग्नातल्या चुड्यातल्या. बांगडीची काच सगळ्यात मऊ. मी म्हटलं, “साहेब, हातच्या काकणाला आरसा कशाला?” आणि डावा हात टेबलाच्या कडेवर आपटला.

एक बांगडी फुटली. वर्ग चिडीचूप झाला. मला वाटलं, आता बाई काय करतात याची उत्सुकता लागली. मूर्ख मी. तुकड्यांतला एक तारांमध्ये अडकवला, बटण दाबलं, फुंकलं. बांगडीची काच लगेच लाल झाली. दिव्यातली तार आधी लाल दोऱ्यासारखी दिसली, मग पिवळी झाली, मग दिवा असा लागला की पहिल्या बाकावरच्या मुलींनी डोळ्यांवर हात धरले. मी फुंकणी खाली ठेवली, स्पिरिटचा दिवा बाजूला सारला. तरी दिवा चालूच. हिरवा तुकडा नारिंगी होऊन मधोमध वाकला, त्याचा थेंब फरशीवर पडला आणि दिवा गेला. कुणीतरी मागून “आई गो!” म्हणालं.

मी समजावून सांगितलं. काच करताना वाळूत सोडा घालतात. त्या सोड्यातला सोडियम काचेत अडकून बसलेला असतो, थंड काचेत त्याला हलता येत नाही. तापवलं की तो सैल होतो आणि वीज घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालायला लागतो. तर मिठागरावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती नाव विचारलं तरी खाली बघायची. म्हणाली, “बाई, सोडियम तं मिठान असतं. म्हंजी काचेन पन मीठ हाय?” वर्ग हसला. मी नाही हसले. म्हटलं, “अर्धं मीठ आहे.” ती म्हणाली, “आनि तापला की टोपली घेऊन चालतंय. माज्या बापासारका.” ज्यासाठी मी शिक्षिका झाले होते ते त्या एका वाक्यात मला मिळालं. साहेबांनी उठताना हेडमास्तरांना सगळ्यांदेखत सांगितलं, “या बाईंना सोडू नका.”

त्या संध्याकाळी मी गाडीत एकटीच हसत होते. समोरच्या बाईने तिचं गाठोडं जवळ ओढून घेतलं, एवढी.

आता एक गोष्ट सांगायला हवी, आजकालच्या मुलींसाठी. आपल्या भाषेत बांगडी फुटत नाही, ती वाढते. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. कुंकू पुसायचं नाही. बांगड्या ‘फोडतात’ त्या एकाच प्रसंगी, नवऱ्याचं प्रेत दारात असतं तेव्हा, आणि त्या हात आपटूनच फोडतात. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण त्या क्षणी माझ्यापुढे बांगडी नव्हतीच, मऊ काच होती. मुलींनी मात्र जे पाहिलं तेच पाहिलं. कासूच्या मुलींनी घरी जाऊन खरं तेच सांगितलं: बाईंनी हात आपटून बांगरी फोरली.

रविवारी सासूबाईंची बहीण कासूहून वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आली. चहा घेतला. मग जे सांगितलं त्यात एका बांगडीच्या दोन्ही हातांच्या सगळ्या बांगड्या झाल्या होत्या आणि साहेबांचे पाच-सहा परके पुरुष झाले होते. राईचा पर्वत व्हायला पेण ते रोहा एवढं अंतर पुरतं. सासूबाई उंबऱ्यातच बसल्या, कपाळाला हात लावला आणि तो आवाज लागला, “माजा पोर जिता हाय गो! जिता हाय अजून!” आळी गोळा झाली. मी आतून बाहेर आले आणि म्हटलं, “काच होती ती.” झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नंतर किती दिवस पाहिलंच नाही.

नवरा दुपारच्या शिफ्टहून आला. मला एका माणसाची खात्री होती, त्याची. कारण कंपनीत त्याचं काम काय, तर आम्लं तपासायची, आणि ज्या यंत्राने तपासायची त्याच्या टोकाला काचेची एक बारीक गोळी असते, कांद्याच्या सालीइतकी पातळ. त्या काचेतून कणभर वीज जाते म्हणून तर ते यंत्र चालतं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यानेच मला हे कौतुकाने सांगितलं होतं. त्या दिवशी मला तो फार आवडला होता. तेव्हा आता तो आईला म्हणेल, “आई, ही शिकवत होती, तिचं कामच आहे ते,” असं मला वाटलं. एक वाक्य. त्याने शेंगा सोलत सोलत सगळं ऐकलं आणि मला म्हणाला, “फोडलीस कशाला? हळूच काढून घ्यायची होतीस.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी सासूबाईंनी मला हाताला धरून कासाराकडे नेलं. कासाराने डाव्या हातातली उणी जागा बघून विचारलं, “वाढली काय?” त्या म्हणाल्या, “व्हय. कामान वाढली.” त्याने नव्या हिरव्या बांगड्या भरल्या. सासूबाईंनी मला तिथेच हळदकुंकू लावलं, माझ्या भरल्या हातावरून एकदा आपला हात फिरवला, आणि आम्ही घरी आलो. लाज झाकायला खोटं बोलल्या, असं मी तेव्हा धरून चालले.

त्यानंतर काही दिवसांनी नवऱ्याला सर्दी झाली. हिवाळ्याचे दिवस, त्यात कंपनीच्या धुराची रोहेकरांना कायमची देणगी. शिंकत कोण नव्हतं? पण त्याच्या शिंकेचं खापर माझ्या बांगडीवर फुटलं. पुढे त्याचं प्रमोशन लांबलं, तेही बांगडीने लांबवलं. घराच्या मागची विहीर आटली तेव्हा मी वाट बघत होते, ती मात्र कशी काय सुटली कोण जाणे. हे सगळं मला कोण सांगायचं? तोच. “आई म्हणते, बांगडी फोडली तेव्हापासून असं होतंय.” “आईच्या मनातून जात नाहीये.” सासूबाई स्वतः चुलीपाशी गप्प असायच्या. त्यांचा तो गप्पपणा मला दगडासारखा लागायचा.

परीक्षा संपता संपता हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, साहेबांचा शेरा उत्तम आहे, जूनपासून तुम्ही कायम. मी रोह्याला येईपर्यंत गाडीत उभीच राहिले, बसवेना. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आईंना विचारा. तो मागच्या दाराने अंगणात गेला, सासूबाई तिथे वाल निवडत होत्या. मी चुलीवरची आमटी ढवळत राहिले. तो परत आला आणि दार लोटून घेत म्हणाला, “आई नको म्हणते.”

“नीट विचारलंत ना?”

“नको म्हणजे नको. तिच्या जिवाला लागलंय ते.”

मी भांडले. खूप भांडले. भांडी आपटली, जेवण टाकलं, माहेरी निघून जाईन म्हटलं. तो शांत. तापट बायकोचा शांत नवरा, शेजाऱ्यांना त्याचीच कीव यायची. म्हणायचा, “मला स्वतःला काही अडचण नाही. पण आईचं मन मोडून कसं करायचं?” याला काय उत्तर द्यायचं? आईच्या मनाशी भांडता येत नाही, आणि आईशी बोलायची तर रीतच नव्हती.

शेवटी मी ठरवलं की काही झालं तरी जूनमध्ये शाळेत हजर व्हायचं. पुढचं पुढे. मे महिन्यात माहेरी जाते म्हणून निघाले आणि पेणला उतरून आधी शाळेत गेले. हेडमास्तर कुणा पालकांशी बोलत होते. मला बघून जरा चकित झाले. “या बाई, या. काही राहिलं का घ्यायचं?”

मी म्हटलं, “राहिलं म्हणजे? जूनमध्ये कधी हजर व्हायचं ते विचारायला आले.”

त्यांनी चष्मा काढला. “अहो, यजमान येऊन गेले ना तुमचे. तुमचीच इच्छा नाही म्हणाले. जागा भरावी लागते बाई, मी दुसऱ्या बाईंना सांगून टाकलं.” आणि मग मला बरं वाटावं म्हणून, “संसार सांभाळणं हेही मोठंच काम आहे.” टेबलावर काचेचा पेपरवेट होता. तो मी उचलला नाही, एवढंच माझ्याकडून त्या दिवशी चांगलं झालं.

रोह्याला परत येऊन मी त्याला जाब विचारला. म्हणाला, “मग काय सांगायचं होतं? माझी आई अडाणी आहे, बांगडीवरून अडून बसली आहे, असं? घरची अब्रू शाळेत नेऊन मांडायची?” मला तेही पटलं, हे आता आठवलं की माझंच डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. आईची लाज राखायला माझं नाव पुढे केलं, एवढाच त्याचा गुन्हा असं मी मानलं. सगळा राग वळला तो सासूबाईंकडे.

आणि तो राग मी जपला. दुसरं काही जपायला हातात उरलं नव्हतं. मुलगा झाला, मुलगी झाली, शिफ्टप्रमाणे डबे भरले, पापड लाटले, मुलांना विज्ञान शिकवलं आणि त्यांच्या मास्तरांच्या चुका काढल्या. पेणला माहेरी गेले की शाळेसमोरून जायचं टाळायचे, लांबच्या रस्त्याने जायचे. सासूबाईंना वेळच्या वेळी ताट दिलं, पण ते जरा जोरात ठेवायचे. त्यांना ते कळायचं. त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मी मनात म्हणायचे, काढेल कशी? माझं आयुष्य खाऊन बसली आहे. असं मी रोज, जेवायला वाढताना, म्हणत होते.

नवरा निवृत्त झाला त्या वर्षी सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं माझ्याकडे आलं. मुलगा नोकरीला बाहेर, मुलगी तिच्या घरी, आणि ह्याला आईची ती अवस्था बघवत नव्हती म्हणे, तो बाहेर ओटीवर पेपर वाचायचा. त्यामुळे त्या खोलीत दुपारभर आम्ही दोघीच. मधे निरोप पोचवणारं कुणी नाही, म्हणून मग थोडं थोडं बोलायला लागलो. आधी दुखतं का, खाज येते का. मग त्यांच्या गावच्या, आगराच्या गोष्टी. लहानपणी त्या शाळेच्या खिडकीखाली उभ्या राहून पाढे ऐकायच्या, पंधरापर्यंत त्यांना तोंडपाठ होते, हे मला तेव्हा कळलं.

एका दुपारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. त्या आढ्याकडे बघत म्हणाल्या, “येक इचारू? राग नको येऊ देव.”

“विचारा.”

“तू ती नोकरी कशाला सोरलीस गो? चांगली व्हती.”

माझा हात थांबला. इतक्या वर्षांचं सगळं एकदम तोंडाशी आलं. म्हटलं, “आई, तुम्हीच नको म्हणालात ना?”

“मी?” त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, वळली नाही. “मना कोनी इचारला? मी तुला कासाराकरं न्हेली, बांगऱ्या भरल्या, कुंकू लावला. माजा तवाच मिटला. भरल्या का मंग दोस नाय ऱ्हात.” जरा दम घेतला. “त्यो तं मना म्हनला, तिलाच जायाचा नाय आता. मी बोल्ली, बग बाबा, ईतकी शिकलेली पोर. त्यो बोल्ला, तिलाच नको.”

मी तेलाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. तो खुर्चीत पेपर वाचत होता. मी म्हटलं, “तुम्ही आईंना विचारलंच नव्हतं?”

“कशाचं?”

“माझ्या नोकरीचं.”

त्याने पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. खोटं बोलेल, ओरडेल, तुझा काहीतरी गैरसमज झाला म्हणेल, असं मला वाटलं होतं. त्यातलं त्याने काहीच केलं नाही. म्हणाला, “तेव्हा तेच बरं वाटलं.”

“कोणाला?”

त्याने पेपर पुन्हा उघडला. मग त्याच्या आडून, अगदी समजूतदार आवाजात, “तिला आता काही सांगत बसू नकोस. या अवस्थेत तिला ते सोसायचं नाही.”

आत गेले तेव्हा सासूबाईंचे डोळे दाराकडेच लागलेले होते. त्या अंथरुणात एवढ्याशा झाल्या होत्या की गोधडीखाली कुणी आहे की नाही कळू नये. त्यांना पोर एकच. तो बाहेर बसला होता आणि त्यांना ते ठाऊक होतं. “काय म्हनला?” त्यांनी विचारलं.

मी वाटी उचलली, पुन्हा त्यांच्या पायाशी बसले. “काही नाही, आई. मीच सोडली. मलाच कंटाळा आला होता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “येरी हायस,” त्या म्हणाल्या. “मी असती तं नसती सोरली.”